डॉपलरची लहर पुसून नुसता आकडा ठेवू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
सोनोग्राफी यंत्रणा आणि नोंदी समिती

सप्रेम नमस्कार.

पोटात वाढ खुंटलेल्या बाळांच्या डॉपलर तपासणीबद्दल, म्हणजे रक्ताचा वेग लहरीच्या रूपात दाखवणाऱ्या सोनोग्राफीबद्दल, आपल्या समितीने परिपत्रक काढलं आहे. त्यात तीन निर्णय आहेत. डॉपलरची मूळ डायकॉम चित्रं (वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपातल्या फाइल्स) सर्व्हरवर ३० दिवसच राहतील, त्यानंतर फक्त अहवालाची पीडीएफ आणि तिच्यात चिकटवलेली जेपीईजी चित्रं जपली जातील. नाळेची रोहिणी आणि मेंदूची मधली रोहिणी यांचे पीआय (पल्सॅटिलिटी इंडेक्स, लहरीच्या चढउताराचा आकडा) भरले की हिरवा, पिवळा किंवा लाल ‘रक्ताभिसरण निर्देशांक’ दाखवणारं सॉफ्टवेअर सगळ्या खोल्यांत बसेल. आणि प्रत्येक डॉपलर तपासणीला यापुढे १५ मिनिटं मिळतील.

संस्थेचं नाव आम्ही लिहीत नाही. असाच विचार पुण्यातल्या इतर रुग्णालयांतही होऊ शकतो, आणि हे पत्र त्यांनीही वाचावं म्हणूनच खुलं ठेवलं आहे. आमच्यापैकी काही जण प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा पोटावर फिरवायचा भाग) हातात धरतात, काही जण त्या प्रोबमधून आलेल्या लहरींवरून गर्भाच्या रक्ताभिसरणाचं संगणकीय मॉडेल चालवतात. आपल्या तिन्ही निर्णयांनी दोघांच्याही कामाचा पाया जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २८-३० आठवड्यांच्या, किलोभर वजनाच्या बाळाला आज बाहेर काढायचं की आणखी चार दिवस आत ठेवायचं, हा निर्णय ज्या माहितीवर घ्यायचा तीच तुटपुंजी होते.

आधी मूळ मुद्दा. पीआय म्हणजे लहरीच्या शिखराचा वेग वजा डायस्टोलच्या (दोन ठोक्यांमधल्या हृदयाच्या विश्रांतीच्या) शेवटचा वेग, भागिले पूर्ण ठोक्याचा सरासरी वेग. शिखर ४५, शेवट ९ आणि सरासरी २४ सेंटिमीटर प्रतिसेकंद असेल, तर पीआय १.५. आकडा सोपा आहे, प्रोबचा कोन थोडा चुकला तरी बदलत नाही, म्हणूनच तो जगभर वापरला जातो आणि वापरलाच पाहिजे. पण ‘पीआय वाढला म्हणजे वारेतला रोध वाढला’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

रक्ताभिसरणाचं सगळ्यात साधं मॉडेल ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये मांडलं. त्यात दोनच गोष्टी असतात. एक रोध, म्हणजे बारीक वाहिन्यांतून रक्त ढकलायला होणारा अडथळा. दुसरी लवचिकता, म्हणजे ठोक्यागणिक फुगून रक्त सामावून घेण्याची वाहिन्यांची क्षमता. विजेच्या भाषेत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. वार अशी दोन भागांत दाखवली आणि वरून येणारा दाब तोच ठेवला, तर नाळेच्या रोहिणीतला पीआय रोध आणि लवचिकता यांच्या गुणाकारावर ठरतो. आता रोध दुप्पट करा आणि लवचिकता निम्मी करा. गुणाकार तोच राहतो, पीआय जागचा हलत नाही, आणि वारेतून जाणारं रक्त मिनिटाला १२० मिलीलिटरवरून ६० वर येतं. तपासणीच्या कागदावर मात्र काल आणि आज सारखाच आकडा असतो. खरी वार याहून गुंतागुंतीची आहे, पण मॉडेलमध्ये घटक वाढवले की अज्ञातंही वाढतात, त्यामुळे एका आकड्यातून दोन अज्ञातं काढण्याची अडचण तशीच राहते.

सिडनीतल्या थॉम्पसन आणि ट्रुडिंगर यांनी १९९० मध्ये गणिती मॉडेलवर दाखवलं की वारेतल्या बारीक वाहिन्या एकेक करून बंद पडू लागल्या तरी पीआय सुरुवातीला हळूहळूच चढतो. बराच मोठा भाग निकामी झाल्यावर तो झपाट्याने वर जातो. नाळेचा पीआय हिरवा दिसतोय म्हणून वार धड आहे असं म्हणता येत नाही, ते यामुळेच. ३२ आठवड्यांनंतर उशिरा वाढ मंदावलेल्या बाळांत तर नाळेचा पीआय पुष्कळदा शेवटपर्यंत नॉर्मल राहतो आणि पहिली खूण मेंदूच्या रोहिणीत दिसते.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात गंभीर तक्रार मूळ चित्रं पुसण्याबद्दल आहे. परिपत्रकात ‘जेपीईजी पुरेशी आहे’ असं म्हटलंय. ती पुरेशी नाही, आणि याचं कारण अगदी ठोस आहे. डायकॉम फाइलमध्ये चित्रासोबत मोजपट्टी असते: आडवा एक पिक्सेल म्हणजे किती सेकंद, उभा एक पिक्सेल म्हणजे किती सेंटिमीटर प्रतिसेकंद, बेसलाइन (शून्य वेगाची रेघ) कुठल्या ओळीवर आहे. त्या मोजपट्टीवरून लहरीचा काठ पिक्सेलपिक्सेलने काढता येतो आणि ०.४३ सेकंदाच्या एका ठोक्याचा पूर्ण आलेख मॉडेलला देता येतो. रोध आणि लवचिकता वेगळे ओळखण्याची खूण त्या आलेखात असते: लहर किती तीव्रतेने चढते, शिखरानंतर कशी ओसरते, मध्ये खाच आहे का. पीडीएफमधल्या जेपीईजीत मोजपट्टी गळून पडते आणि कॉम्प्रेशनमुळे लहरीचा काठ फुटतो. मग माणसाने पट्टी लावून अंदाज करायचा. भोरहून किंवा जुन्नरहून पाठवलेल्या बाईच्या पिशवीत एक थर्मल प्रिंट असतो, उन्हाने आणि घामाने निम्मा पुसट झालेला. त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढच्या डॉक्टरला जातो. त्या फोटोत डायस्टोलच्या शेवटी बेसलाइनला चिकटलेली बारीक रेघ आहे की कागदाची सुरकुती, हे सांगणं कुणालाही शक्य नसतं. आपलं परिपत्रक शहरातल्या सर्व्हरलाही त्याच अवस्थेला आणून ठेवतं.

जागेचा खर्च हे कारण दिलं आहे, म्हणून हिशेब करून पाहिला. १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचं रंगीत चित्र, अजिबात न दाबता, साधारण २.४ एमबी. एका तपासणीत अशी २० चित्रं धरली तर ४८ एमबी. वर्षाला ५,००० तपासण्या धरल्या तर २४० जीबी. दोन टेराबाइटच्या एका डिस्कवर आठ वर्षांच्या नोंदी मावतात. दुसरी डिस्क प्रतीसाठी घ्या. एका प्रोबच्या दुरुस्तीपेक्षा हा खर्च कमी आहे.

कायद्याचा धाक हे दुसरं कारण दिलं आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आम्हाला मनापासून मान्य आहे आणि त्यातली शिस्त सैल व्हावी असं आम्ही म्हणत नाही. पण तो कायदा नोंदी पुसायला सांगत नाही. फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा नोंदअर्ज) आणि सोनोग्राफीच्या चित्रांसह सगळी कागदपत्रं किमान दोन वर्षं जपा, असं तो सांगतो. नाळेच्या किंवा मेंदूच्या रोहिणीच्या लहरीवरून बाळाचं लिंग कळत नाही. संशोधनाला चित्र देताना वरची पट्टी कापावी लागते, कारण आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक तिथे चित्रातच छापलेले असतात आणि नुसता हेडर पुसून ते जात नाहीत. हे काम दहा ओळींचा प्रोग्रॅम करतो.

दुसरी तक्रार मोजणी कशी झाली याची नोंद न ठेवण्याबद्दल. नव्या अहवालात पीआयचा रकाना आहे. वॉल फिल्टर, कोन, नाळेवरची जागा, बाळाचे ठोके, औषधं यांचे रकाने काढून टाकले आहेत. यातला वॉल फिल्टर किती घात करू शकतो ते पाहा. फिल्टर मंद वेगाचे संकेत कापतो, म्हणजे वाहिनीच्या भिंतीच्या थरथरीचा गोंगाट दिसत नाही. तीन मेगाहर्ट्झचा प्रोब आणि रक्तप्रवाहाशी ६० अंशांचा कोन असेल, तर १०० हर्ट्झचा फिल्टर सेकंदाला साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा हळू वाहणारं सगळं रक्त पडद्यावरून गायब करतो. डायस्टोलच्या शेवटी ४ सेंटिमीटरने पुढे जाणारं रक्त असतं आणि अहवालात ‘एंड-डायस्टोलिक फ्लो नाही’ असं लिहिलं जातं. त्या एका वाक्यावर सिझेरियन ठरू शकतं. फिल्टर ६० हर्ट्झ किंवा खाली आणला, प्रोब फिरवून कोन २० अंशांवर नेला, की तेच रक्त दिसू लागतं. ‘फ्लो नाही’ असं लिहिण्याआधी फिल्टर किती होता ते लिहिणं सक्तीचं असायला हवं. आपण तो रकानाच काढलात.

कोनाचंही तसंच. पीआयला कोन लागत नाही, पण मॉडेलला खरा वेग लागतो. यंत्राला ६० अंश सांगितलं आणि प्रत्यक्षात ६५ असेल तर खरा वेग दाखवल्यापेक्षा १८ टक्क्यांनी जास्त असतो. २० सांगून २५ असेल तर चूक ४ टक्क्यांची. नाळेची लहर बाळाच्या पोटाजवळ घेतली तर पीआय जास्त येतो, वारेजवळ घेतली तर कमी. म्हणून मोकळ्या तरंगत्या वळणावर घ्यायची आणि पुढच्या वेळी तिथेच घ्यायची. मेंदूची रोहिणी उगमाजवळच्या पहिल्या तिसऱ्या भागात मोजायची आणि डोक्यावर प्रोब दाबायचा नाही. दाबला की लहर बदलते.

औषधांचा रकाना काढणं तर आम्हाला समजलंच नाही. फुप्फुसं पिकावीत म्हणून बीटामेथासोन हे स्टेरॉइड दिलं की गायब झालेला एंड-डायस्टोलिक फ्लो काही काळ परत येताना दिसतो. वार सुधारलेली नसते, औषधाचा तो तात्पुरता परिणाम असतो. इंजेक्शन केव्हा दिलं हे न लिहिता दुसऱ्या दिवशी पीआय भरला तर सॉफ्टवेअर लालवरून पिवळ्यावर येईल आणि ज्या बाळावर सगळ्यात बारीक लक्ष हवं त्याची पुढची तपासणी लांबेल.

तिसरी तक्रार त्या निर्देशांकाबद्दल. सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात ‘रक्ताभिसरणाच्या संगणकीय मॉडेलवर आधारित’ असं छापलं आहे. अशा मॉडेलला काय लागतं ते थोडक्यात सांगतो. मिलानमध्ये पेन्नाती आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये डॉपलरच्या मोजमापांवर गर्भाच्या रक्ताभिसरणाचं मॉडेल उभं केलं. २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने वाढ खुंटलेल्या एकेका बाळासाठी वेगळं मॉडेल जुळवून दाखवलं. या पद्धतीत हृदयाच्या दोन्ही खालच्या कप्प्यांतून निघणारा प्रवाह वर घालतात, त्यासाठी झडपांचे व्यास आणि वेग मोजावे लागतात. महाधमनी, डक्टस आर्टेरिओसस (फुप्फुसाची रोहिणी महाधमनीला जोडणारी गर्भातली वाहिनी), मेंदूकडे आणि वारेकडे जाणाऱ्या रोहिण्या या प्रत्येक तुकड्याला रोध, लवचिकता आणि रक्ताचं जडत्व देतात. टोकाला मेंदू, वरचं अंग, खालचं अंग आणि वार यांचे रोध बसवतात. १५-२० ठोके चालवून लहरी स्थिरावल्या की त्या मोजलेल्या लहरींशी ताडतात आणि फरक कमी होईपर्यंत रोध बदलतात. खरं मॉडेल एकाच सुरुवातीवर थांबत नाही. ५० वेगवेगळ्या सुरुवातींपासून जुळवणी करून पाहायची. उत्तरं एका जागी येत असतील तर विश्वास ठेवायचा, पसरत असतील तर ‘या मोजमापांवरून सांगता येत नाही’ असं स्पष्ट लिहायचं. दोन पीआयवर चालणाऱ्या निर्देशांकाला हे करताच येत नाही. त्याला ‘सांगता येत नाही’ असा रंगच दिलेला नाही.

महाधमनीचा इस्थमस या निर्देशांकात नाही, हे विशेष खटकतं. मेंदूकडे जाणारा भाग आणि वारेकडे जाणारा भाग यांना जोडणारा तो अरुंद पूल आहे. वारेचा रोध चढला आणि मेंदूचा उतरला की डायस्टोलमध्ये तिथलं रक्त उलट दिशेने, मेंदूकडे वाहू लागतं, आणि ते कमी प्राणवायूचं रक्त असतं. दोन रोधांचं गुणोत्तर तिथे डोळ्यांना दिसतं. डक्टस व्हिनोससही (नाळेच्या शिरेतलं रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे नेणारी वाहिनी) नाही. युरोपातल्या ट्रफल चाचणीत २६ ते ३२ आठवड्यांच्या बाळांत प्रसूती केव्हा करायची हे डक्टस व्हिनोससच्या लहरीवरून ठरवलं तर काय होतं, ते पाहिलं. सगळी बाळं मिळून काढलेल्या मुख्य निष्कर्षात फरक सिद्ध झाला नाही. पण जगलेल्या मुलांत, दोन वर्षांच्या वयात, डक्टस व्हिनोससचे उशिराचे बदल होईपर्यंत थांबलेल्या गटातली ९५ टक्के मुलं मज्जासंस्थेच्या दोषाविना होती. ठोक्यांच्या आलेखावरच ठरवलेल्या गटात ८५ टक्के. थांबलेल्या गटालाही ठोक्यांच्या आलेखाचं संरक्षण होतंच. इतका वजनदार पुरावा असलेली लहर निर्देशांकातून वगळण्याचं कारण परिपत्रकात कुठेही नाही.

आणि पुण्याची बाळं? केईएम संशोधन केंद्राच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास निघालं, आणि पोटातले अवयव आणि स्नायू लहान, पण चरबी त्या मानाने राखलेली अशी ठेवण दिसली. मॉडेलमधले बहुतेक रोध बाळाच्या वजनावरून मोजपट्टीवर बसवले जातात, आणि पोटातल्या बाळाचं वजन आपण मुख्यतः त्याच्या पोटाच्या घेरावरून काढतो. इथल्या बाळाचा घेर मुळातच लहान असेल तर वजन, त्यावरून रोध, आणि त्यावरून रंग, सगळंच सरकतं. परदेशी बाळांवर बसवलेली मोजपट्टी इथल्या किमान काही महिन्यांच्या नोंदींवर ताडून न पाहता लावणं आम्हाला मान्य नाही. निदानाला वापरलं जाणारं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतं. परवान्याची प्रत आम्ही मागितली, ती अजून मिळालेली नाही.

१५ मिनिटांबद्दल फार लिहीत नाही. बाळ श्वासाच्या हालचाली करत असेल तर लहर वरखाली होते, थांबावं लागतं. सारख्या तीन लहरी सलग मिळेपर्यंत गोठवायचं नसतं. नाळेच्या शिरेचा व्यास तीनदा मोजून सरासरी घ्यावी लागते, कारण प्रवाहात व्यासाचा वर्ग येतो. सरासरी वेग ८ सेंटिमीटर धरला तर ५ मिलिमीटर व्यासाला मिनिटाला ९४ मिलीलिटर येतात आणि ५.५ ला ११४. कॅलिपर अर्धा मिलिमीटर सरकला की किलोभराच्या बाळाचा प्रवाह ‘कमी’ वरून ‘ठीक’ होतो. घाईत हेच होतं. लांब तपासणीत बाळाला ऊब जास्त लागू नये म्हणून थर्मल इंडेक्स १ च्या खाली ठेवणं आणि डॉपलर लागेल तेवढाच वेळ चालू ठेवणं ही जबाबदारी आमची, ती आम्ही पाळतो.

आमच्या मागण्या:

१. डायकॉम चित्रं पुसण्याचा निर्णय मागे घ्या. मूळ फाइल्स मोजपट्टीसह किमान पाच वर्षं ठेवा, आणि दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्या बाईसोबत त्या सीडी किंवा पेनड्राइव्हवर द्या.

२. अहवालात वॉल फिल्टर, कोन, नाळेवरची जागा, ठोके, नाळेत एक रोहिणी आहे की दोन, आणि स्टेरॉइड, मॅग्नेशियम सल्फेट, रक्तदाबाची औषधं कधी दिली, हे रकाने परत आणा. फिल्टर न लिहिता ‘एंड-डायस्टोलिक फ्लो नाही’ असा अहवाल स्वीकारू नका.

३. निर्देशांकाचा रंग इथल्या नोंदींवर ताडून होईपर्यंत अहवालावर छापू नका. तोवर तो फक्त तुलनेसाठी चालवा, आणि त्याची गणितपद्धत व परवाना आम्हाला पाहू द्या.

४. वाढ खुंटल्याचा संशय असलेल्या बाळाच्या डॉपलरला ३० मिनिटं द्या. बाकी तपासण्यांना १५ मिनिटं चालतील.

५. नोंदी संशोधनाला देण्यासाठी आईची संमती साध्या मराठीत, एका पानावर घ्या. नको म्हटलं तर तिच्या तपासणीत काही फरक पडणार नाही, हे त्यात ठळक लिहा.

गणनशक्तीची अडचण पुढे करू नये ही विनंती. परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये सी-डॅकने याच शहरात घडवला, आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे, आणि आम्ही वर सांगितलेलं मॉडेल तर साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत चालतं. नाळेच्या लहरीपासून रोधापर्यंतचा पूर्ण हिशेब समितीसमोर, समितीने निवडलेल्या दहा जुन्या नोंदींवर, एका दुपारी करून दाखवायला आम्ही तयार आहोत. परिपत्रकानुसार पहिल्या फाइल्स पुसायला आता तीन आठवडे उरले आहेत. तेवढ्या मुदतीत भेटीची वेळ द्यावी.

कळावे,

आपले,
गर्भाच्या सोनोग्राफीत आणि रक्ताभिसरणाच्या मॉडेलवर काम करणारे,
पुणे